बॅटरीच्या किमतीचा आलेख कसा वाचावा



तत्त्वज्ञान शिकवण्यात ज्याची हयात गेली त्या माणसाने बॅटरीवर काय बोलावं, असं आजच्या विषयाचं नाव वाचून काहींच्या मनात आलं असेल. ते रास्त आहे. बॅटरीच्या रसायनाबद्दल आम्ही आज नवे काही सांगणार नाही, तो आमचा अधिकार नव्हे. बोलायचं आहे ते एका आलेखाबद्दल. गेल्या काही वर्षांत पर्यायी ऊर्जेवरचे कोणतेही भाषण ऐका, कोणताही सरकारी अहवाल उघडा, हा आलेख समोर येतोच. आडव्या रेघेवर वर्षे, उभ्या रेघेवर लिथियम-आयन बॅटरीची एका युनिटमागची किंमत, आणि डावीकडून उजवीकडे घसरगुंडीसारखी उतरत गेलेली एक रेषा. आलेख दाखवून वक्ता क्षणभर थांबतो. श्रोते माना डोलावतात. आणि मग, जणू काही सिद्धच झालं आहे अशा आवाजात, पुढचे वाक्य येते: साठवण स्वस्त होत चालली आहे, आता ऊर्जेचा प्रश्न सुटल्यातच जमा आहे.

साहित्याचा समीक्षक कविता वाचतो तसा हा आलेख आज आपण वाचू या. त्यात काय लिहिलं आहे, काय लिहिलेलं नाही, आणि वाचणाऱ्याने पदरचं काय घातलं आहे.

आधी जे लिहिलं आहे ते. ब्लूमबर्ग एनईएफ या संस्थेच्या दरवर्षीच्या पाहणीनुसार बॅटरी-संचाची किंमत २०१० साली एका किलोवॉट-तासाला, म्हणजे आपल्या वीजबिलातल्या एका युनिटच्या साठवणीला, हजार डॉलरच्या वर होती. २०२४ साली ती ११५ डॉलर झाली. चौदा वर्षांत जवळजवळ नऊ-दशांश किंमत गळाली. हे खरे आहे, आणि साधे नाही. सोनीने १९९१ साली ही बॅटरी पहिल्यांदा बाजारात आणली तेव्हापासून हिशेब केला तर घट सत्त्याण्णव टक्क्यांच्या घरात जाते. आपल्या आयुष्यात दुसऱ्या कोणत्या वस्तूची अशी गत झाली? डाळीची नाही, घराची नाही, शिक्षणाची तर नाहीच नाही.

पण त्याच रेषेत २०२२ साली एक उचल आहे. त्या वर्षी किंमत सुमारे सात टक्क्यांनी वाढली. लिथियम कार्बोनेटचा चीनमधला भाव टनाला सहा लाख युआनच्या आसपास पोचला होता. पुढे तोच भाव एक लाखाच्याही खाली आला. बहुतेक वक्ते या उचलीवरून पटकन पुढे जातात, अपवाद म्हणून. आम्ही म्हणतो, तिथेच थांबा. जिथे नियम मोडतो तिथेच तो कशाच्या आधारावर उभा होता हे कळते.

आपल्याकडच्या नैयायिकांनी हा प्रश्न फार जुन्या काळी, आणि फार नेटकेपणाने, हाताळला आहे. जिथे धूर तिथे अग्नी, ही व्याप्ती खरी. उलट करून पाहा: जिथे अग्नी तिथे धूर. हीसुद्धा खरीच वाटते, कारण चुलीपाशी बसलेल्याला रोज तसंच दिसतं. पण लोहाराच्या भट्टीतून काढलेला लाल लोखंडी गोळा पाहा. अग्नी आहे, धूर नाही. मग चुलीत धूर कशाने होत होता? ओल्या लाकडाने. हे ओले लाकूड म्हणजे ‘उपाधी’. आपण संबंध जोडत होतो अग्नीचा आणि धुराचा, आणि तो संबंध गुपचूप सांभाळत होते तिसरेच काही तरी. उपाधी सापडली की व्याप्ती कोसळते. निदान तिला अट लागते.

आता आलेखाकडे परत या. आडव्या रेघेवर काय आहे? वर्षे. म्हणजे वाचणाऱ्याला सुचवले जाते की वर्षे जातात म्हणून किंमत उतरते. अहो, वर्षे गेल्याने दही आंबते, बॅटरी स्वस्त होत नाही. काळ इथे कारण नाही. मग ओले लाकूड कोणते?

एक उत्तर १९३६ सालचे आहे. थिओडोर राइट नावाच्या अमेरिकन अभियंत्याने विमानांच्या कारखान्यांचे हिशेब तपासून दाखवलं, की आजवर बनवलेल्या विमानांची एकूण संख्या दुप्पट झाली की एका विमानाला लागणारी मजुरी साधारण पाचव्या हिश्शाने कमी होते. वर्षे किती लागली हा प्रश्न नाही, विमाने किती बनली हा आहे. बॅटरीलाही हा नियम ढोबळमानाने लागू पडतो. म्हणजे आडव्या रेघेवर वर्षांच्या जागी ‘एकूण उत्पादन’ लिहायला हवे. बदल लहान दिसतो, पण त्याने वाक्याचा कर्ता बदलतो. ‘किंमत उतरते’ हे वाक्य जाऊन त्याजागी येते: कोणी तरी महाग असताना विकत घेतले, म्हणून पुढच्याला स्वस्त मिळाले.

कोणी घेतले? आधी कॅमेरे आणि लॅपटॉप घेणाऱ्या श्रीमंत गिऱ्हाइकांनी. मग विद्युत मोटारींना सवलती देणाऱ्या सरकारांनी, म्हणजे तिथल्या करदात्यांनी. आणि चीनने, जिथे गरजेपेक्षा जास्त कारखाने उभे राहिले आणि आज अनेक जण नफा सोडून माल विकत आहेत. तोट्यात विकलेल्या वस्तूची किंमत हा निसर्गनियम असू शकत नाही, एवढं तरी मान्य व्हायला हरकत नाही.

यातून एक गमतीदार पेच निर्माण होतो. किंमत पडणारच आहे असा सगळ्यांचा विश्वास बसला, तर शहाणा माणूस काय करील? थांबेल. सगळेच शहाणे निघाले आणि सगळेच थांबले तर उत्पादन दुप्पट होणार नाही, आणि किंमतही पडणार नाही. ग्रहणाचे भाकीत केल्याने चंद्राला फरक पडत नाही. इथे मात्र भाकीत ऐकणारेच ते खरे किंवा खोटे करतात. भारतात हा पेच पुस्तकी नाही. २०२२ साली सेकी, म्हणजे केंद्राचे सौर ऊर्जा महामंडळ, यांच्या निविदेत बॅटरी साठवणीचा दर निघाला मेगावॉटला महिन्याला सुमारे १०.८ लाख रुपये. दोन वर्षांत गुजरातच्या निविदेत तो पावणेचार लाखांच्या खाली आला. अटी सगळीकडे सारख्या नाहीत, पण फरक एवढा आहे की पहिला करार करणारा अधिकारी चौकशीच्या भीतीने झोपणार नाही. आणि पुढचा अधिकारी सही करताना म्हणेल, अजून वर्षभर थांबू या की! आम्ही त्याला दोष देत नाही. आम्ही फक्त म्हणतो की त्याच्या थांबण्याची किंमत आलेखात कुठे नोंदवलेली नाही.

हे ऐकून काही जण दुसऱ्या टोकाला जातात: सगळं कारखान्याने केलं, प्रयोगशाळेने काही नाही. हा सिनिकपणा आजकाल फॅशनमध्ये आहे, आणि तो चुकीचा आहे. एमआयटीतल्या जेसिका ट्रॅन्सिक, मायका झीग्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ साली या घटीची कारणे सुटी करून मोजली. त्यांचा निष्कर्ष असा, की निम्म्याहून जास्त घट संशोधनाने झाली, मुख्यतः रसायन आणि पदार्थविज्ञानातल्या. मोठ्या प्रमाणावर उत्पादन केल्याचा वाटा तीस टक्क्यांच्या आसपास. म्हणजे राइटच्या रेषेखालीही आणखी एक ओले लाकूड आहे, आणि ते तर आलेखाच्या कोणत्याच रेघेवर नाही.

या संशोधनाचा काळ कसा चालतो ते पाहा. १९७३च्या तेलसंकटाच्या सुमारास स्टॅन्ली व्हिटिंगहॅम एक्सॉन या तेल कंपनीत लिथियमच्या बॅटरीवर काम करत होते. पुढे तेल स्वस्त झालं आणि कंपनीने ते काम सोडून दिलं. १९८० साली ऑक्सफर्डमध्ये जॉन गुडइनफ यांनी लिथियम कोबाल्ट ऑक्साइडचा उपयोग दाखवला. पेटंट घेण्यात विद्यापीठाला रस नव्हता. १९८५ साली जपानमध्ये अकिरा योशिनो यांनी आज वापरात आहे तशा बॅटरीचा नमुना बनवला. बाजार १९९१ साली, नोबेल २०१९ साली. तेव्हा गुडइनफ ९७ वर्षांचे होते. आमच्यासारख्या सत्तरीतल्यांना हा आकडा उगीचच उमेद देतो, ते सोडा.

वीज साठवणीसाठी आज ज्या बॅटऱ्या कंटेनरमध्ये भरून उभ्या केल्या जातात, त्या मात्र बहुतेक कोबाल्टच्या नाहीत. त्या लोह आणि फॉस्फेटच्या आहेत. हा पदार्थ गुडइनफ यांच्याच टेक्सासमधल्या प्रयोगशाळेतून आला, आणि १९९७ सालच्या त्या शोधनिबंधावर पहिले नाव आहे ए. के. पाढी यांचे, दुसरे के. एस. नंजुंडस्वामी यांचे. किती भारतीय विद्यार्थ्यांना ही दोन नावे माहीत आहेत? असो. त्या निबंधापासून आजच्या निविदांपर्यंत पाव शतक गेले. मधल्या काळात हेच रसायन घेऊन उभी राहिलेली एवनट्वेन्टीथ्री ही अमेरिकन कंपनी, सरकारचे मोठे अनुदान मिळूनही, २०१२ साली दिवाळखोरीत गेली आणि एका चिनी उद्योगाने ती विकत घेतली. कल्पना बरोबर होती, फक्त दहा वर्षे लवकर आली.

तेव्हा आजची स्वस्ताई ही वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या संशोधनाची वसुली आहे. आणि आमचा खरा आक्षेप इथे सुरू होतो. हाच उतरता आलेख दाखवून ‘संशोधनाकडून मोठ्या आशा आहेत’ असे सांगितले जाते. आशा कशाच्या जोरावर? प्रस्थापित वस्तू जितक्या वेगाने स्वस्त होते तितके नव्या वस्तूला उभे राहणे कठीण होते. मिठाच्या पाण्यावर चालणारी बॅटरी बनवणारी अक्विऑन कंपनी कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या संशोधनातून निघाली होती, बिल गेट्स यांचे पैसे तिच्यात होते. ती २०१७ साली बुडाली. तिचे रसायन सुरक्षित होते. पण लिथियमची किंमत तिच्या योजनेपेक्षा भरभर खाली आली. सोडियमच्या बॅटरीचेही तसेच. २०२१-२२ साली लिथियम महाग होते तेव्हा सोडियमचा जयघोष होता, रिलायन्सने इंग्लंडची फॅराडिऑन कंपनी दहा कोटी पौंडांच्या मूल्यांकनाने घेतली ती याच सुमारास. लिथियम पडले आणि जयघोषाचा आवाजही उतरला. मीठ तेवढेच स्वस्त होते, सोडियमचे गुण तेच होते. बदलला होता तो फक्त प्रतिस्पर्ध्याचा भाव.

म्हणून ‘किंमत पडते आहे, सबब संशोधन फळाला येते आहे’ हे अनुमान आम्हाला मान्य नाही. पडती किंमत ही पुढच्या संशोधनाच्या मार्गातला धोंडाही असू शकते. बाजार ते काम करील असे म्हणणाऱ्यांनी एक्सॉनचे काय झाले ते आठवावे. आपल्या देशाने बॅटरीच्या सेल बनवणाऱ्या कारखान्यांसाठी २०२१ साली १८,१०० कोटींची उत्तेजन योजना मंजूर केली, चांगली गोष्ट आहे. पण संशोधनावरचा एकूण राष्ट्रीय खर्च सकल उत्पादनाच्या ०.६४ टक्के. आणि कराईकुडीला विद्युत-रसायनाची केंद्रीय संशोधन संस्था आपण १९४८ साली, म्हणजे स्वातंत्र्यानंतर वर्षभराच्या आतच पायाभरणी करून, उभी केली होती! तेव्हाच्या माणसांना उद्याच्या बॅटरीचा आलेख कोणी दाखवला नव्हता.

आता वाचकाने पदरचे घातलेले. आलेखावरची किंमत आहे रांजणाची. आपण ती पाण्याची समजतो. एक युनिट मावेल एवढी बॅटरी साधारण दहा हजार रुपयांना पडते असे धरा. व्याज, गळती, बाकीची यंत्रसामग्री सध्या बाजूला ठेवा. दुपारचे ऊन भरून घेतले, रात्री वापरले, असे रोज एकदा पंधरा वर्षे केले तर तो रांजण साडेपाच हजार वेळा भरला. एका युनिटच्या साठवणीचा खर्च दोन रुपयांच्या आत आला. छान. आता तोच रांजण आषाढातल्या झडीसाठी ठेवा, आठ-दहा दिवस सूर्य दिसत नाही तेव्हासाठी. वर्षातून एकदा उपसला, म्हणजे पंधरा वर्षांत पंधरा वेळा. एक युनिट पडले साडेसहाशे रुपयांच्या वर. रांजण तोच, त्याच बाजारातून, त्याच भावाने घेतलेला.

याचा अर्थ बॅटरीने रात्रीचा प्रश्न सुटू शकतो, पावसाळ्याचा नाही. किंमत आणखी अर्धी झाली तरी साडेसहाशेचे सव्वातीनशे होतील. पावसाळ्यासाठी दुसरे काही लागेल. वाऱ्याची वीज आपल्याकडे नेमकी त्या महिन्यांत जोरात असते, कोयनेचे पाणी असते. ‘साठवण स्वस्त झाली’ या वाक्यात रात्र आणि ऋतू एकाच पोत्यात घातले आहेत, एवढेच आम्हाला दाखवायचे होते.

आणि काही ठिकाणी तर रांजणच नको असतो. शेतपंपाला रात्रीची वीज देऊन शेतकऱ्याला बिबट्याच्या आणि सापाच्या वाटेवर उभे करण्याची आपली जुनी रीत. महाराष्ट्रात मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली ती ही वीज दिवसा देण्यासाठी, सूर्य असताना. इथे साठवले जाते ते पाणी, शेतात आणि शेततळ्यात. योजनेच्या अंमलबजावणीबद्दल तक्रारी आहेत, त्या बहुतेक खऱ्याही असतील, पण कल्पना म्हणून तिचे मोल कमी होत नाही. बॅटरीच्या कोणत्याही आलेखात ही साठवण दिसणार नाही, कारण तिची कोणी निविदा काढत नाही.

शेवटचा मुद्दा सह्याद्रीचा, आणि आमच्या मते सर्वांत निकडीचा. साठवणीचा दुसरा मार्ग म्हणजे उदंचन. दोन तलाव, एक वर एक खाली. वीज मुबलक असेल तेव्हा पाणी वर चढवायचे, टंचाई असेल तेव्हा खाली सोडून वीज करायची. घाटघरला असा २५० मेगावॉटचा प्रकल्प २००८पासून आहे, वरचा तलाव अकोले तालुक्यात, खालचा शहापूरच्या बाजूला. गेल्या काही वर्षांत राज्य सरकारने असे अनेक प्रकल्प उभारण्याचे करार मोठमोठ्या कंपन्यांशी केले आहेत. अशा प्रकल्पांची साठवण साधारणपणे सहा-आठ तासांची असते. म्हणजे काम तेच, रात्रीचे. जे बॅटरीही करते.

आता विसंगती पाहा. एका सभेत सांगतात, बॅटरीची किंमत अशीच पडत राहणार. दुसऱ्या सभेत चाळीस वर्षांहून जास्त चालवायच्या तलावांचे करार करतात. पहिले खरे मानले, तर काही वर्षांतच यांतले किती तलाव अनावश्यक ठरतील याचा हिशेब मांडला पाहिजे. खरे मानत नसाल, तर आलेख दाखवणे थांबवा. दोन्ही एकदम म्हणता येत नाही. कोणी म्हणेल, भविष्य अनिश्चित आहे, म्हणून दोन्हीकडे पैसे लावलेले बरे. हा युक्तिवाद वजनदार आहे, आम्ही तो उडवून लावत नाही. उदंचनाचे आयुष्य मोठे, त्याला लिथियम आयात करावे लागत नाही, आणि नदीपासून दूर बांधलेल्या तलावांत बुडणारी जमीनही जुन्या धरणांच्या मानाने कमी. पण दोन पैजा सारख्या नाहीत. बॅटरीचा अंदाज चुकला तर कंटेनर उचलून नेता येतो, भंगारात काढता येतो. सड्यावर खोदलेला तलाव आणि दरीतून उठवलेला धनगरवाडा परत जागच्या जागी ठेवता येत नाही. अनिश्चिततेचा आधार घेणाऱ्याने तरी, जे उलटवता येते त्याला झुकते माप द्यायला हवे.

१९२१ साली मुळशीच्या मावळ्यांनी सेनापती बापटांबरोबर सत्याग्रह केला तो धरणाविरुद्ध, आणि ते धरण शेतीसाठी नव्हते, मुंबईच्या विजेसाठी होते. तेव्हाही वीज म्हणजे भविष्य, आणि जमीन म्हणजे भूतकाळ, अशीच मांडणी होती.

आमची मागणी मोठी नाही. प्रत्येक उदंचन प्रकल्पाच्या अहवालात एक आकडा छापावा: बॅटरीची किंमत किती रुपयांवर आली की हा प्रकल्प आर्थिकदृष्ट्या गैरलागू ठरेल. अभियंत्यांना तो काढता येतो, हिशेब अवघड नाही. तो मराठीत छापावा, आणि जनसुनावणीच्या आधी गावात लावावा. मग ज्याचे घर त्या दरीत आहे तो माणूसही दरवर्षी वर्तमानपत्रात येणारी किंमत त्या आकड्याशी ताडून पाहील, आणि आलेख पाहून मान डोलवायची की नाही हे त्याचे तो ठरवील.